पाहुण्यांची चूल

डोंगर उघडावा लागतो असं मी सांगितलं की लोक हसतात. डोंगर म्हणजे काय दुकान आहे का, शटर वर करायला? पण पावसाळ्यानंतर आमच्या मावळात ज्यांनी कधी चार माणसं बरोबर घेऊन वाट तुडवली असेल, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. पावसात वाट नाहीशी होते. खांद्याला लागेल इतकं गवत उभं राहतं, आणि त्यात दगड कुठे आणि खड्डा कुठे हे डोळ्यांना नाही, पायांनाच कळतं. ओढ्याने जागा बदललेली असते. मागच्या सीझनला ज्या कातळावरून एखाद्या आजींना हात धरून सहज उतरवलं, त्याच्यावर शेवाळाचा थर असतो. कड्याला आग्या मोहोळ बसलेलं असतं आणि ते नेमकं वाटेच्या डोक्यावर असतं. दसऱ्यानंतर हे सगळं आधी आपण चालून बघायचं, कोयत्याने गवत मारायचं, जिथे वाट फिरवावी लागेल तिथे फिरवायची, किल्ल्यावरच्या टाक्यांत वाकून कुठलं पाणी पिण्याजोगं आहे ते ठरवायचं आणि मगच पाहुण्यांना बोलवायचं. याला आम्ही सीझन उघडणं म्हणतो.

आमचा धंदा छोटा आहे. तळेगावात राहत्या घराची पुढची खोली हेच ऑफिस. सहल एकच, चार दिवसांची. कामशेतहून निघायचं, वडिवळ्याच्या धरणाच्या कडेने चालत वरच्या वाडीत जेवायचं आणि राहायचं, मग पठारावरून आणि रानातून राजमाची, आणि शेवटच्या दिवशी लोणावळ्यात उतरायचं. लोणावळ्यात पाहुणे चिक्की घेतात आणि आपण फार मोठं काही करून आलो अशा चेहऱ्याने गाडीत बसतात. त्यांनी ते केलेलंच असतं, म्हणून मी हसत नाही.

पाहुणे तऱ्हेतऱ्हेचे. एका गृहस्थांनी चारही दिवसांचे इस्त्री केलेले शर्ट हँगरसकट आणले होते. धुक्यामुळे कडा दिसला नाही म्हणून एक बाई रागावल्या. पुढच्या वर्षी तेवढा कडा फुकट दाखवायचं मी कबूल केलं, आणि त्या आल्या तेव्हाही धुकंच होतं. एक निवृत्त साहेब होते, ते दर वळणावर विचारायचे, "अजून किती?" आमचा वाटाड्या बबन, जो कामशेतच्या बाजूचा आणि पहिल्या दिवसापासून आमच्याबरोबर आहे, त्यांना दर वेळी सांगायचा, "हे काय, आलंच." दुसऱ्या दिवशी साहेब वैतागले. म्हणाले, "तुझं 'आलंच' म्हणजे नक्की किती रे?"

"सायेब," बबन म्हणाला, "तुमी इचारायचं थांबला की आलं."

असे किस्से मी आणखी बरेच सांगू शकेन, आणि हा लेख लिहायला बसलो तेव्हा तेच सांगायचं मनात होतं. पण सीझन उघडण्याबद्दल लिहायचं आणि गेल्या वर्षीचं टाळायचं, हे मला जमत नाही.

धंद्याची कल्पना माझी नव्हती, माझ्या बायकोची होती. मी शाळेत ग्रंथपाल होतो. डोंगर मला आवडायचे ते मुख्यतः खुर्चीत बसून. सुमन शिवणाचे वर्ग घ्यायची आणि सुट्टीच्या दिवशी मला ओढून बाहेर काढायची. नोकरी संपल्यावर ती म्हणाली, आपण फुकट फिरतोच, मग लोकांना घेऊन फिरू. कामं आपोआप वाटली गेली. वाटा, किल्ल्यांचा इतिहास, पाहुण्यांना पाठवायच्या सूचना, दोर आणि औषधांची पेटी माझ्याकडे. माणसं तिच्याकडे.

माणसं म्हणजे मुख्यतः वरच्या वाडीतल्या बायका. लोकांना वाटतं अशा सहलीत किल्ला लक्षात राहतो. किल्ला फोटोत राहतो. लक्षात राहतं ते जेवण. आमचं जेवण वाडीतल्या चार घरांत पाळीने होतं, आणि पहिलं घर पारूमावशींचं. वाडीच्या कडेला बौद्ध कुटुंबांची घरं आहेत, त्यातलं हे एक. पुढे सारवलेलं अंगण, आत भिंतीवर बुद्धाची तसबीर, आणि चुलीपाशी मावशी आणि त्यांची सून. मावशींच्या हातची तांदळाची भाकरी मी इथे वर्णन करून सांगत नाही. ती तिथे जाऊनच खावी.

अगदी पहिल्या वर्षी, जेव्हा वाडीत जेवणासाठी हे एकच घर ठरलं होतं, एका पाहुण्याने अंगणातून आत बघितलं, तसबीर बघितली आणि मला बाजूला घेतलं. हळू आवाजात म्हणाला, "इथेच जेवायचंय का? म्हणजे, दुसरं एखादं घर नाही का?" मी त्याला काय उत्तर द्यावं याचा विचार करू लागलो. चांगलं, मुद्देसूद उत्तर माझ्या डोक्यात आकार घेत होतं. तेवढ्यात सुमनने मावशींकडून ताट मागून घेतलं, सगळ्यांच्या समोर मांडी घालून बसली आणि सावकाश, शेवटच्या भातापर्यंत जेवली. मग हात धुऊन म्हणाली, "माझं झालं. ज्यांना जेवायचंय त्यांनी बसावं. ज्यांना इथे नको, त्यांच्यासाठी पुढचं घर राजमाचीला आहे. उद्या संध्याकाळी पोचू."

तो गृहस्थ जेवला. भाकरी मागून घेतली.

तेव्हापासून तो नियमच झाला. दर वर्षी सीझन उघडण्याआधी सुमन वाडीत जाऊन जेवायची, आणि ती जेवल्याशिवाय पाहुण्यांसाठी चूल पेटायची नाही. नियम तिने केला नव्हता. वाडीतल्या बायकांनीच तो धरून ठेवला. पुढे त्या जेवणाला चारही घरच्या बायका पारूमावशींच्या अंगणात यायला लागल्या. त्यात वरच्या आळीतल्या शांताबाई होत्या. पहिली दोन वर्षं त्या या अंगणात येऊन उभ्याच राहायच्या, पाणीसुद्धा प्यायच्या नाहीत. "उपास हाय," म्हणायच्या. तिसऱ्या वर्षी सुमन त्यांना म्हणाली, "शांताबाई, तुमचा उपास कधी सुटतो ते तरी सांगा, त्या दिवशी येते." बायका इतक्या हसल्या की शांताबाईंना बसावंच लागलं. त्या दिवशी पाळ्या ठरायच्या, भांडणं व्हायची, मिटायची. मी बहुधा बाहेर दगडावर बसून काहीतरी वाचत असायचो.

गेल्या वर्षी आषाढात सुमन वारली. ताप आला, उतरला, पुन्हा आला. पुण्याला हलवलं तोवर फार उशीर झाला होता. त्याबद्दल याहून जास्त इथे लिहीत नाही. अजून माझ्याकडून त्याची वाक्यं होत नाहीत.

नातेवाइकांना कळवलं, ओळखीच्या काही जुन्या पाहुण्यांना कळवलं. वाडीला कळवलं नाही. भर पावसात वरची वाट बंद असते, फोनही वाडीतल्या एका खडकावर उभं राहिलं तरच लागतो, आणि अशी गोष्ट आपण प्रत्यक्ष जाऊन सांगायची, असं मी ठरवलं होतं. बबनला तसं बोललोही होतो. "तुमीच सांगा सर," तो म्हणाला. "माझ्या तोंडून नको." पाऊस संपला, वाट निघण्याजोगी झाली. दसरा झाल्यावर आम्ही दोघं कोयते घेऊन निघालो.

मला वाटत होतं की वाट काढताना मनात वाक्य तयार होईल. गवत कापताना माणसाला विचार करायला भरपूर वेळ मिळतो. वाडी दिसायला लागली तेव्हा माझ्याजवळ दोन-तीन वाक्यं होती, सगळी लांब आणि सगळी वाईट.

पारूमावशी अंगणात तांदूळ निवडत बसल्या होत्या. आम्हाला बघून उठल्या आणि आमच्या पाठीमागे वाटेकडे बघायला लागल्या.

"या सर, या. आन सुमनबाई कुटं? माघं राह्यली व्हय?"

सुमन नेहमी मागे राहायची. धरणाच्या काठाला कुणीतरी भेटायचं, कुठली तरी भाजी दिसायची.

"आज नाही आली," मी म्हणालो.

"बरी हाय न्हवं?"

मी म्हणालो, "हो."

हा एवढा एक शब्द. बबन शेजारी उभा होता. तो खाली बसून बुटाची नाडी सोडायला आणि पुन्हा बांधायला लागला.

"मग फोन का न्हाई?" मावशी म्हणाल्या. "पावसाळा सरला. एक फोन न्हाई, निरोप न्हाई. मोटी मानसं झाली व्हय आता? तिला म्हनावं, पारीला इसारली तू."

"सांगतो," मी म्हणालो.

"आन जेवाया कंदी येती? तिच्याबिगर चूल लावायची न्हाई मी, सांगून ठेवते. तुमचं पावनं उपाशी ऱ्हातील."

"रविवारी," मी म्हणालो.

हे मी का केलं, याचं एक बरं दिसणारं उत्तर आहे. ते मी स्वतःला पुष्कळदा दिलं आहे. घरात, गल्लीत, बँकेत, सगळीकडे सुमन नव्हती. त्या एका अंगणात ती अजून होती, मागे राहिली होती, थोड्या वेळाने येणार होती. ते मला मोडवलं नाही. हे खोटं नाही. पण एवढंच खरं असतं तर मला इतकी लाज वाटली नसती. त्याच क्षणी माझ्या डोक्यात दुसरंही चाललं होतं. रविवारनंतरच्या शनिवारी पहिला गट यायचा होता. लोकांनी रजा काढल्या होत्या. आता सांगितलं तर बायका रडतील, वाडी दुखवटा पाळेल, या सीझनला चूल पेटेल की नाही कोण जाणे, आणि पठारावरची अर्धी वाट अजून काढायची आहे. हा हिशेब मी केला. बायकोच्या मरणाची बातमी मी सोयीच्या दिवसापर्यंत पुढे ढकलली. त्यात दुःखी माणूस किती होता आणि धंदेवाला किती, हे मला अजून वेगळं करता आलेलं नाही.

उतरताना बबन झपाझप पुढे चालत राहिला. धरणापाशी आल्यावर म्हणाला, "सर, आता रविवारी कुनाला आननार?"

मी म्हणालो, "मी एकटा येऊन सांगेन."

"आजच आलतो की आपुन."



आठवडा कामात गेला. सीझनच्या आधी घर म्हणजे धोब्याचं दुकान होतं. स्लीपिंग बॅगा गच्चीवर उन्हात टाकायच्या, पावसात धरलेला कुबट वास घालवायचा. दोर हातातून सरकवत इंच न् इंच तपासायचा, जिथे तंतू सुटलाय असं वाटेल तो दोर बाद करायचा. बॅटऱ्या, औषधं. पाहुण्यांचे फोन. वर गरम पाणी मिळेल का, माकडं आहेत का, माझे गुडघे चालतील का. गुडघ्यांचं मी कसं सांगणार? तरी सांगतो.

त्यात एके दिवशी बबनचा फोन वाजला. मावशींची सून बोलत होती. खडकावर चढून फोन केला होता, मागे वारा ऐकू येत होता. बबनने थोडं ऐकलं, फोन माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, "तुमीच सांगा."

"सर, अत्त्या इचारत्यात, सुमनबाईंना काय करू? धरनातली मासळी का खेकडं?"

अजूनही वेळ होता. फोनवर का होईना, सांगता आलं असतं.

"खेकडे आवडतात तिला," मी म्हणालो.

पलीकडून हसू आलं. "मला वाटलंच! अत्त्या म्हनल्या, पोरींनो, ओढ्याला जावं लागतंय. तुमच्या बाईपायी समद्यांची बोटं तुटनार!"

फोन बंद झाला. बबनने तो खिशात ठेवला आणि दोराचं वेटोळं बांधत राहिला. मग म्हणाला, "रविवारी मी येनार न्हाई सर. तितं उभं ऱ्हायला मला जमनार न्हाई." इतक्या वर्षांत त्याने मला कामाला नाही म्हटलेलं तेवढंच.

रविवारी एकटा गेलो. कामशेतला उतरलो, धरणापर्यंत जीपने, पुढे चालत. भात पिवळा पडत आला होता. आमचीच कापलेली वाट, दोन्ही बाजूंना गवताच्या सुकत चाललेल्या पेंढ्या. वाट उत्तम निघाली होती. वाडी येऊ नये असं वाटण्याइतकी चांगली होती.

अंगण ताजं सारवलेलं होतं. चारही घरच्या बायका आल्या होत्या, नेसून, वेणी घालून. शांताबाई मावशींच्या चुलीपाशी बसून भाकऱ्या थापत होत्या. पारूमावशींच्या एका बोटाला चिंधी बांधली होती. खेकड्याने धरलं होतं. रश्शाचा वास ओढ्यापर्यंत आला होता.

"आलं, सर आलं!" सून ओरडली. "आन बाई?"

"त्या व्हय येळेवर येतील!" शांताबाई म्हणाल्या. "वळनाला कुनाशी तरी बोलत आसतील. सर, बायकूबिगर तुमाला वाट बरी घावली."

बायका हसल्या. मावशी म्हणाल्या, "येऊ दे भवानीला. आदी दोन शिव्या घालीन, मग ताट वाडीन." आणि मला बसायला गोधडी टाकली. शेजारी दुसरी टाकली.

मी बसलो नाही. म्हणालो, "ती मागे नाहीये. सुमन वारली. आषाढात."

इतके दिवस जुळवत होतो ते वाक्य एवढंच होतं. ते बोलायला काहीही कठीण नव्हतं.

तव्यावरची भाकरी करपायला लागली, ती सुनेने हाताने काढली. पारूमावशी माझ्याकडे बघत राहिल्या.

"कंच्या आषाढात?"

"ह्याच."

"म्हंजी तुमी परवा आलता तवा..."

"हो."

"मी इचारलं बरी हाय का. तुमी हो म्हनला."

"हो."

"खेकडं आवडत्यात म्हनला."

"ते खरं होतं," मी म्हणालो. इतकं मूर्ख उत्तर मी जन्मात कुणाला दिलेलं नाही.

मावशी खाली बसल्या. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "सर, त्या दिसापास्नं मी तिला शिव्या देतीय. ह्या समद्यांच्या म्होरं. गर्वाला गेली म्हनलं. आमचं खाल्लं आन इसारली म्हनलं. आत्ता बी दिली, तुमच्या म्होरं. मेलेल्या मानसाला मी आसं बोलले. माझ्या तोंडानं तुमी बोलवलं."

"चुकलं माझं, मावशी."

"चुकायला पायवाट हाय व्हय ती?" त्या म्हणाल्या. "आमाला रडू तरी द्यायचं. आषाढापास्नं आमी हितं हसतोय खिदळतोय, आन ती न्हाईच."

मग रडणं सुरू झालं. मी अंगणाच्या कडेला उभा होतो. माझ्याजवळ कुणी आलं नाही आणि यावं असं काही मी केलंही नव्हतं. थोड्या वेळाने मावशींनी तोंड धुतलं, आत जाऊन तसबिरीपुढे मेणबत्ती लावली आणि हात जोडून वंदना म्हटली. सून मागे उभी राहून म्हणत होती. बाकीच्या बायकांना शब्द येत नव्हते, पण त्या दारात हात जोडून उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता शांताबाई पदर खोचून आपल्या घराकडे निघतील. या अंगणात त्या जेवायला बसायच्या त्या सुमनच्या भिडेने, असं मी धरून चाललो होतो. आता ती भीड संपली होती.

मावशी बाहेर आल्या. म्हणाल्या, "तिच्यासाटी केलंय. टाकून द्यायचं न्हाई."

सगळ्यात आधी शांताबाईंनीच हात धुतले. त्या गोधडीवर बसल्या आणि ताटाची वाट बघू लागल्या. मग बाकीच्या बसल्या.

मला कुणी बस म्हटलं नाही. त्या वाडीत विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसालाही जेवल्याशिवाय सोडत नाहीत. मी नेहमीच्या दगडावर जाऊन बसलो. त्या दिवशी माझ्याजवळ पुस्तक नव्हतं. बायका जेवत होत्या, खेकड्यांच्या नांग्या फोडल्याचे आवाज येत होते, आणि हळूहळू त्या तिच्याबद्दल बोलायला लागल्या. सुनेला पहिला ब्लाऊज बेतायला तिने कसं शिकवलं, आणि तो उलटा कसा शिवला गेला. धरणाच्या चढावर ती कशी बसून घ्यायची आणि वर 'नजारा बघतेय' म्हणायची. कुणीतरी हसलं आणि हसता हसताच रडायला लागलं. मग शांताबाईंचा आवाज आला, त्यांना वाटलं असेल मला ऐकू येत नाही. "मी एकदा इचारलं तिला, सर कसं हायत गं? तर म्हनली, लय चांगलं हायत. पन बोलायची येळ आली की मला म्होरं करत्यात."

जेवणं झाल्यावर पाळ्या ठरल्या. कुणी पहिलं, कुणी दुसरं, मला विचारलं नाही. मी निघालो तेव्हा पारूमावशी भांडी घासत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "शनवारी किती मानसं?"

"चौदा."

"बरं."

घरी परत येताना मला भूक लागली होती, याचीही लाज वाटली.

शनिवारी पहिला गट घेऊन आम्ही चढलो. बबन पुढे, मी शेवटी. सुमन असताना ती आदल्या दिवशीच वाडीत येऊन राहायची आणि पाहुण्यांना अंगणातच भेटायची. म्हणून वाटेत कुणी विचारलं नव्हतं. अंगणात पोचल्यावर मी तांब्या घेऊन पाहुण्यांच्या हातांवर पाणी घालायला लागलो. त्यात एक गृहस्थ तिसऱ्यांदा आलेले होते, मोकळ्या स्वभावाचे. हात पुढे करून म्हणाले, "काय हो, वहिनी दिसत नाहीत? यंदा घरीच ठेवून आलात की काय?"

मी तोंड उघडलं. "ती..." इतकं म्हणालो, आणि पुढचं येईना. आठवड्यापूर्वी जे वाक्य इतक्या सहज आलं होतं, ते आता येईना. तांब्यातलं पाणी त्यांच्या हातावरून सांडत राहिलं.

चुलीपासून पारूमावशी म्हणाल्या, "वारली ती. आषाढात."

ते गृहस्थ ओले हात तसेच धरून उभे राहिले. एकदा त्यांच्याकडे बघत होते, एकदा माझ्याकडे.

"ह्यांना इचारू नगा," मावशी म्हणाल्या. "ह्यांना सांगता येत न्हाई. काय इचारायचं ते मला इचारा. आन बसा आता, भाकरी गार व्हती."

सगळा सीझन असाच गेला. पाळी कुणाचीही असली तरी दर गट आधी मावशींच्या अंगणात यायचा, आणि हात धुवायच्या वेळी, कुणी काही विचारायच्या आत, मावशी पाहुण्यांना सांगायच्या. सुमन कोण होती, ती कधी वारली, आणि या अंगणात आधी ती जेवायची. पाहुणे ऐकायचे आणि मग जेवायला बसायचे. हे त्या माझी दया येऊन करत होत्या की मला शिक्षा म्हणून, हे मी विचारलं नाही. माझं ताट सून आणून द्यायची. मावशी माझ्याशी बोलायच्या, पण कामापुरतं. माणसं किती, भात किती, परत कधी. माझ्याकडून त्यांनी दुसरी कुठलीही बातमी विचारली नाही, आणि ते योग्यच आहे.

हे लिहितोय तेव्हा पाऊस ओसरला आहे. दसरा झाला की बबन आणि मी पुन्हा कोयते घेऊन वर जाऊ. गवत यंदाही खांद्याएवढं असेल. वाट निघेल, ते काम मला येतं. पण चूल पेटण्याआधी यंदा त्या अंगणात कुणी जेवायचं, हे वाडीने मला सांगितलेलं नाही, आणि वर जाऊन ते विचारायला लागणारी दोन वाक्यं मी अजून जुळवतो आहे.